पैठणीचा एक धागा आणि बहुवारिकांचा पाठ



नैसर्गिक आणि कृत्रिम धाग्यांचा भाग आपण सगळेच शिकवतो. धागा जाळून ओळखायचा प्रयोगही तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केला असेल. तो कसा करावा हे लिहायला मी बसले होते. पण माझ्या वर्गात तो एकदा कसा झाला, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येईना. प्रयोग म्हणून तो अगदी बरोबर आला होता. चुकलं ते दुसरंच.

मी येवल्याच्या बाजूच्या एका गावात शिकवते. इथे पैठणी हा काही पुस्तकातला विषय नाही. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या दिसतात, ओळखीच्या घरात माग दिसतो. माझ्या सहावीच्या वर्गात त्या वर्षी दोन मुलं विणकरांच्या घरची होती, बाकीची बहुतेक कांद्याच्या शेतात राबणाऱ्यांची.

मी मुलांना सांगितलं, "घरातल्या वेगवेगळ्या कपड्यांचा एक-एक धागा आणा. आईला विचारून आणा." दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुड्यांमधून धागे आले. आजोबांच्या धोतराचा, घोंगडीचा, छत्रीचा, गोणपाटाचा सुद्धा. विणकराच्या मुलाने घरचं रेशीम आणलं. आणि एका मुलीने, तिला आपण कावेरी म्हणूया, आईच्या लग्नातल्या पैठणीच्या पदराचा सुटलेला धागा आणला. पुडीवर तिने पेनाने लिहिलं होतं, 'रेशीम'.

फळ्यावर मी दोन रकाने केले होते. एकावर 'नैसर्गिक', दुसऱ्यावर 'कृत्रिम'. आणि मुलांना चटकन कळावं म्हणून खाली कंसात 'अस्सल' आणि 'नकली' असंही लिहून ठेवलं होतं. ते कंस नीट लक्षात ठेवा.

धोतराचा धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेला. भुरकन जळला, कागद जळल्यासारखा वास, मऊ करडी राख. घोंगडीची लोकर कुरकुरत आकसली, केस करपल्याचा वास वर्गभर. मुलं नाक धरून हसली. विणकराच्या मुलाचं रेशीमही तसंच. ज्योतीतून बाहेर काढलं की विझतं, काळी गोळी राहते आणि बोटाने दाबली की तिची भुकटी होते. मग कावेरीचा धागा. तो जळायच्या आधीच मागे सरकला, वितळला, थोडा काळा धूर आला, आणि टोकाला मण्यासारखी कडक गोळी जमली. मी दाबून पाहिली. फुटेना.

मी काही बोलायच्या आत विणकराचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "मॅडम, ही सेमी आहे." त्याच्या घरात तो शब्द रोजचाच, त्याचा काही दोष नाही. सगळा वर्ग फळ्याकडे बघत होता. मी खडू उचलला आणि कावेरीचं नाव दुसऱ्या रकान्यात लिहिलं. 'नकली'च्या खाली. तिने पुडी घडी करून कंपासपेटीत ठेवली.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. मी म्हटलं, "या ताई, बसा." त्या बसल्या नाहीत.

"मॅडम, ती साडी रेशमाची नाही हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "लग्नाला दोन वर्षं झाली असतील, नणंदेच्या लग्नात इस्त्री करायला घेतली तर इस्त्री चिकटली. तेव्हाच कळलं. पण ती सासऱ्यांनी घेतलेली. त्या साली कांद्याला पैसे झाले होते, मोठ्या हौसेने गेले आणि घेऊन आले. गावाला दाखवली. म्हणून मी कधी बोलले नाही. परवा पोरीने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. आजोबा ताटावरून उठले."

मी काय बोलणार? "मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले.

"पोर खरंच बोलली, तिला तरी काय बोलायचं," त्या म्हणाल्या. "तुम्हीही खरंच सांगितलं असणार. पण नकली असं म्हणाला होतात का हो?"

म्हणाले होते. लिहिलंही होतं.

तुम्ही म्हणाल, यात रसायनशास्त्र कुठे आलं? सांगते. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, की 'नकली' हा शब्द त्या धाग्याला लागू होतो का, हे मला स्वतःलाच नीट माहीत नाही. मी बारावी कला शाखेची, नंतर डी.एड. रसायनशास्त्र माझ्याकडून दहावीला सुटलं ते सुटलंच. मग शेजारच्या मुलाचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मागून आणलं. त्यात कार्बनी संयुगांच्या पाठात 'बहुवारिक' हा शब्द आहे. आपण ज्याला पॉलिमर म्हणतो ते. लहान लहान रेणू एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा जोडले जाऊन जी लांबच लांब साखळी होते ती बहुवारिक, आणि त्यातली एक कडी म्हणजे एकवारिक.

हे वाचून मी थांबले, कारण उदाहरणांच्या यादीत पॉलिथीन होतं आणि त्याच यादीत रबर, प्रथिनं, स्टार्च आणि सेल्युलोज होतं. म्हणजे प्लास्टिकची पिशवी, माझे केस, सकाळची भाकरी आणि अंगावरची सुती साडी एकाच घराण्यातली! मी आजवर बहुवारिक म्हणजे प्लास्टिक असंच धरून चालले होते.

हे घराणं शास्त्रज्ञांनाही सहजासहजी पटलेलं नाही, हे वाचून जरा धीर आला. १९२० साली हर्मन स्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडलं, की रबर, सेल्युलोज असे पदार्थ हजारो अणूंच्या लांब साखळ्यांचे बनलेले असतात आणि त्या साखळ्या खऱ्याखुऱ्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या असतात. त्या काळी बऱ्याच जाणत्या मंडळींचा समज होता, की हे छोट्या रेणूंचे नुसते घोळके आहेत. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, असं त्यांना वाटे. स्टाउडिंगरना नोबेल मिळालं ते १९५३ साली.

आता वर्गात हे कसं न्यायचं? सूत्रं सहावीला चालणार नाहीत. मी मुलांनाच कड्या केलं. हा खेळ तुम्हीही करून बघा, मैदान हवं आणि रंगीत फिती.

पहिला खेळ पॉलिथीनचा. एथिलीन या वायूच्या रेणूत दोन कार्बन असतात आणि ते एकमेकांना दोन बंधांनी धरून असतात. दोन-दोन मुलांनी समोरासमोर उभं राहून दोन्ही हात धरायचे. ही झाली एथिलीनची एक जोडी. शिट्टी वाजली की प्रत्येक जोडीने एकच हात सोडायचा आणि त्या हाताने शेजारच्या जोडीतल्या मुलाचा हात पकडायचा. बघता बघता एक लांब रांग होते. काही बाहेर पडलं नाही, काही कमी झालं नाही, फक्त एक हात सुटला आणि शेजाऱ्याला मिळाला. १९३३ साली इंग्लंडमध्ये दुसराच प्रयोग चालू असताना प्रचंड दाबाखाली हे अचानक घडलं आणि भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिथीन.

दुसरा खेळ रेशमाचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं उत्तर मला इथे सापडलं.

रेशीमकिडा तुतीचा पाला खातो आणि तोंडावाटे जो धागा काढतो तो प्रथिनाचा. त्याला फायब्रॉइन म्हणतात. वर डिंकासारखं दुसरं प्रथिन असतं, ते साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून काढतात. आमच्याकडच्या विणकरांच्या पोरांना हे माझ्याहून जास्त माहीत असतं. प्रथिनाची कडी म्हणजे अमिनो आम्ल. तिच्या एका हाताला 'अमाइन' गट, दुसऱ्या हाताला 'आम्ल' गट. मग प्रत्येक मुलाच्या उजव्या हाताला लाल फीत, डाव्या हाताला पिवळी. नियम एकच, लाल हाताने पिवळाच हात धरायचा. आणि प्रत्येक हात जुळला की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, म्हणून प्रत्येक जोडणीला एक खडा खाली टाकायचा. रांग झाली, खडे पडले. हे रेशीम.

आता फिती बदलल्या. निम्म्या मुलांच्या दोन्ही हातांना लाल, निम्म्यांच्या दोन्ही हातांना पिवळ्या. नियम तोच, खडेही तसेच पडतात. लाल मुलगा, पिवळी मुलगी, लाल, पिवळी, अशी रांग होते. हे नायलॉन! वॉलेस कॅरोदर्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत ते बनवलं. दोन्ही कड्यांमध्ये सहा-सहा कार्बन, म्हणून त्याचं नाव नायलॉन ६,६.

हातात हात कसा आहे ते बघा. रेशमात लाल-पिवळा, नायलॉनमध्येही लाल-पिवळा. रसायनशास्त्रात दोन्हीकडे तो अमाइड बंधच. किड्याने तोंडावाटे जी गाठ मारली, तीच गाठ माणसाने प्रयोगशाळेत मारली. फरक आहे तो कड्यांमध्ये आणि त्यांच्या क्रमात. रेशमाच्या कड्या अनेक तऱ्हांच्या, ठरलेल्या क्रमाने ओवलेल्या. नायलॉनच्या दोनच, एकसुरी.

मग पिवळ्या फिती तशाच ठेवून लालच्या जागी हिरव्या बांधल्या. हिरवी म्हणजे अल्कोहोल गट. आता जुळणारी गाठ 'एस्टर', आणि रांग पॉलिएस्टर. हे १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलं आणि टेरिलीन नावाने बाजारात आलं. आमच्या आजोबांच्या टेरिकॉटच्या शर्टातलं 'टेरि' म्हणजे हेच, आणि 'कॉट' म्हणजे कॉटन. पाण्याची बाटली होते तीही याच पदार्थाची. मुलांना हे अजिबात खरं वाटत नाही, शर्ट आणि बाटली एकच? मी म्हणते, तूप पातळही असतं आणि थिजलेलंही, तुपाचं नाव बदलतं का?

कावेरीच्या आईची साडी बहुधा पॉलिएस्टरची होती. त्या साखळ्या एकमेकींच्या शेजारी पडलेल्या असतात, तापल्या की सैल होतात, एकमेकींवरून सरकतात, म्हणून धागा वितळतो. म्हणूनच तापलेली इस्त्री चिकटली. कापूस आणि रेशीम वितळत नाहीत, कारण त्यांच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात, की सुटून सरकायच्या आधीच मोडतात, करपतात. तापवलं की मऊ होणारी ही प्लास्टिकं मेणासारखी. आणि कुकरच्या मुठीचं बॅकेलाइट उकडलेल्या अंड्यासारखं, एकदा घट्ट झालं की परत पातळ होत नाही, कारण त्याच्या साखळ्यांमध्ये आडव्या गाठी बसतात.

तिसरा खेळ मात्र सगळ्यात सोपा आणि माझा सगळ्यात लाडका. ग्लुकोज ही कडी घ्यायची. सगळ्या मुलांनी फळ्याकडे तोंड करून हात धरायचे. हे स्टार्च. आता एकाने फळ्याकडे, पुढच्याने पाठीमागे, पुन्हा फळ्याकडे, असं उलटसुलट उभं राहून हात धरायचे. हे सेल्युलोज. कडी तीच, साखळीही ग्लुकोजचीच, फक्त दर दुसरी कडी उलटी. पहिली साखळी मळसूत्रासारखी वळते, दुसरी सरळ ताठ राहते आणि शेजारच्या ताठ साखळ्यांना घट्ट चिकटते. कापसाच्या एका साखळीत ग्लुकोजच्या हजारो कड्या असतात.

एवढ्या एका उलटीपालटीने काय होतं? ज्वारीचा दाणा आपण खातो आणि कडबा बैल खातो. दाण्यात मुख्यतः स्टार्च, कडब्यात भरपूर सेल्युलोज. दोन्ही ग्लुकोजचेच. पण आपल्या लाळेतला आणि पोटातला विकर स्टार्चची गाठ सोडवू शकतो, सेल्युलोजची नाही. बैलालाही ती स्वतःला सोडवता येत नाही, त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव सोडवून देतात. मुलांना भाकरीचा घास गिळायचा नाही, नुसता चावत राहा, असं सांगितलं. एक-दोन मिनिटांनी जीभ गोड लागायला लागते. साखळी तुटून लहान साखर सुटते म्हणून. मग कापूस चावून बघायचं का, असं एकाने विचारलं. मी नको म्हटलं, तरी मधल्या सुट्टीत दोघांनी चावलाच.

हे सगळं झाल्यावर मी त्याच वर्गासमोर फळ्यावर पुन्हा ते दोन रकाने काढले. 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' राहू दिले. कंस काढले नाहीत, तर लिहून त्यांच्यावर रेघ मारली आणि का मारली ते सांगितलं. धागा कधी नकली नसतो. पॉलिएस्टर हे शंभर टक्के खरं पॉलिएस्टर असतं. त्याला रेशीम म्हणून रेशमाच्या भावात कुणी विकलं, तर खोटं ते विकणाऱ्याच्या तोंडचं. "साडी खोटी नव्हती, सांगणारा खोटा होता," असं मी म्हणाले. कावेरीकडे मुद्दाम बघितलं नाही. तिने वहीत लिहून घेतलं की नाही, तेही पाहिलं नाही.

पालकहो, इथे तुमचा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. मग प्लास्टिकबंदी, स्वच्छता मोहीम, ते सगळं कशाला? कृत्रिमची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. कापूस कुजतो, कारण सेल्युलोजची गाठ सोडवणारे जीव मातीत कोट्यवधी वर्षांपासून आहेत. पॉलिथीनची गाठ सोडवायला मातीला अजून सवय नाही, ते जन्माला येऊन शंभर वर्षंही झालेली नाहीत. २०१६ साली जपानी संशोधकांनी बाटल्यांचं प्लास्टिक खाऊ शकणारा एक जीवाणू सापडल्याचं जाहीर केलं, पण त्याच्या भरवशावर गटारात पिशव्या टाकायच्या नाहीत. त्रास होतो तो हाच, की पाच मिनिटं वापरायच्या वस्तूला आपण शेकडो वर्षं टिकणारी साखळी वापरतो. पण ठिबकच्या नळीला तीच साखळी लागते, ती कुजली तर शेतकऱ्याचं नुकसान. मुलांना 'प्लास्टिक राक्षस' असं भाषण पाठ करून घेण्यापेक्षा हे सांगायला जास्त वेळ लागतो खरा.

आणि नैसर्गिक सगळं चांगलं, हेही तसंच. सुती कापड घाम टिपतं, शंभर ग्रॅम कापूस हवेतली साधारण आठ ग्रॅम ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. म्हणून उन्हाळ्यात सुती बरं. पण म्हणूनच पावसाळ्यात तेच सुती वाळता वाळत नाही, आणि शेतात जाणारी बाई रोज धुवून दोरीवर टाकायला 'सिंथेटिक'च साडी घेते. रेशमाला आणि लोकरीला कसर लागते. प्रथिन आहे, कुणीतरी खाणारच.

आता प्रयोग कसा करते ते थोडक्यात. धागे घरून मागवत नाही. बाजारातून शिंप्याकडच्या चिंध्या आणते, कोणता कशाचा ते आधी स्वतः तपासते आणि पुड्यांना नुसते आकडे देते. चिमटा लांब हवा, खाली पाण्याची परात हवी, खिडक्या उघड्या. मेणबत्तीजवळ फक्त मी. पॉलिएस्टर आणि नायलॉनचा वितळलेला थेंब कातडीला चिकटला तर खोल भाजतं, त्यामुळे तो धागा तर मुलांच्या हातात अजिबात द्यायचा नाही. एक फसवा धागाही असतो, तोही ठेवा. 'आर्ट सिल्क' नावाने मिळणारं रेयॉन. चमक रेशमाची आणि जळतं मात्र कापसासारखं, कारण ते लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनवतात. त्याला नैसर्गिक म्हणायचं की कृत्रिम, यावर माझा वर्ग एकदा अख्खा तास भांडला. मी निकाल दिला नाही.

कावेरीच्या आजोबांशी माझं कधी बोलणं झालं नाही. त्या संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू होतं, तेव्हा तिची आई तीच साडी नेसून आली होती. मी वाण दिलं, त्यांनी घेतलं. आम्ही दोघीही त्याबद्दल काही बोललो नाही.

कावेरी सातवीत गेल्यावर एकदा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. गणवेशाच्या बाहीचा एक धागा तिने ओढून काढला होता. "मॅडम, हा जाळून दाखवाल?" मी दार लावून घेतलं आणि दाखवला. थोडा भुरकन जळाला, कागदाचा वास आला, थोडी राख झाली. पण टोकाला एक बारीक काळी गोळीही जमली. तिने ती चिमट्याने दाबून पाहिली. थोडी फुटली, थोडी राहिली.

"मॅडम, हा दोन्ही रकान्यांत लिहावा लागेल," ती म्हणाली, आणि पुडी बांधून वर्गात दाखवायला घेऊन गेली.